घाट, द्राक्षमळे आणि नदीकाठ : नाशिकचे सायकल-मार्ग

नाशिकच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे आणि पूर्वेला गोदावरीचे सपाट खोरे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, या दोहोंच्या मध्ये वसले आहे. पाऊसही याच दिशेने ओसरत जातो. इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सिन्नर-येवल्याच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्साही येत नाही. त्यामुळे पश्चिमेला भात, नागली आणि वरई, मधल्या पट्ट्यात द्राक्ष आणि टोमॅटो, पूर्वेला कांदा आणि बाजरी अशी पिकांची रांग लागते. मोटारीतून हा बदल जाणवतही नाही. सायकलवर तो पायांना आधी कळतो, मग डोळ्यांना. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चळवळ नाशिकमध्ये इतकी रुजली, त्यामागे इथल्या माणसांची हौस आहेच, पण या भूगोलाचाही हात मोठा आहे.

सर्वांत रुळलेला मार्ग त्र्यंबकेश्वरचा. अंतर जेमतेम 28 किलोमीटर आणि चढ इतका सौम्य, की नवख्यालाही तो सुखाने पार करता येतो. अंजनेरीचा कातळ डाव्या हाताला दिसू लागला की पुढे ब्रह्मगिरी उभा राहतो. अनेकांचा पहिला मोठा पल्ला याच रस्त्यावर होतो. खरी मजा मात्र त्र्यंबकच्या पुढे आहे. तिथून पहिनेमार्गे घोटीला उतरून महामार्गाने परत आले की शंभराच्या आसपास किलोमीटरचा फेरा होतो. जुलैत या वाटेवर दोन्ही बाजूंना भातलावणी चाललेली असते, आवणातल्या चिखलात बायका ओणव्या होऊन रोपे खोचत असतात आणि डोंगरावरून धबधबे थेट रस्त्याकडे झेपावतात. शनिवार-रविवारी इथे पर्यटकांच्या गाड्यांची झुंबड उडते. हा फेरा आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा पहाटे लवकर करावा, हेच खरे.

त्र्यंबकहून दुसरी वाट मोखाड्याकडे उतरते. तोरंगण घाट ओलांडला की नाशिक जिल्हा संपून पालघर लागतो. जव्हारपर्यंतचे एकूण अंतर सुमारे 80 किलोमीटर. हा भाग कधी सलग सपाट होत नाही. एक उतार पुरता संपायच्या आत पुढचा चढ सुरू होतो, आणि परतीचा प्रवास जाण्यापेक्षा कठीण असतो, कारण जव्हारची उंची नाशिकपेक्षा कमी आहे. पेठ रस्त्याचीही तीच तऱ्हा. सावळ घाट आणि कोटंबी घाट उतरताना वेळ लागत नाही. पण तेच घाट दुपारच्या उन्हात परत चढायचे आहेत, हे उतरतानाच लक्षात ठेवावे लागते. या रस्त्यांवर हॉटेले विरळ आहेत. पाड्यावरच्या टपरीत चहा आणि बिस्किटे मिळतात, जेवण मिळेलच असे नाही.

उत्तरेचा मार्ग दिंडोरी-वणीचा. दिंडोरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागांचे मांडव, त्यापुढे सातमाळा रांगेतले किल्ले. वणीहून नांदुरीला पोहोचले की सप्तशृंगी गडाचा घाट सुरू होतो. त्याची लांबी सुमारे 10 किलोमीटर. नाशिकचे सायकलस्वार एकमेकांची तयारी जोखतात ती या घाटावर. वळणांमागून वळणे येतात आणि चढ फारशी उसंत देत नाही. पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत जो जोर लावतो, तो वरच्या टप्प्यात सायकल हातात धरून चालतो. जाणकार मंडळी सुरुवातीपासूनच हलक्या गिअरवर, बोलता येईल इतक्याच दमाने चढतात. वणीहून सरळ पुढे गेले तर हतगडाच्या पायथ्यावरून गुजरातच्या हद्दीतले सापुतारा लागते. उंची सुमारे 1000 मीटर, नाशिकपासूनचे अंतर सुमारे 80 किलोमीटर.

इथे गिअरचे गणित थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. पूर्वी घरोघरी असणाऱ्या बिनगिअरच्या सायकलीत पायडल एकदा फिरवले की मागचे चाक साधारण अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे सोयीचे, घाटात मात्र गुडघ्यांचा जीव काढणारे. आजच्या रोड बाइकला पुढे 34 दात्यांची आणि मागे 34 दात्यांची चकती लावली तर पायडलच्या एका फेरीला चाकही एकच फेरी घेते, म्हणजे सायकल दोन मीटरांहून थोडीच अधिक पुढे सरकते. वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो, पण दम टिकतो. या विचाराचा हिरिरीने प्रसार केला तो फ्रान्समधल्या सेंत-एतिएनचे पॉल द व्हिवी यांनी. ‘व्हेलोसियो’ या नावाने ते लिहीत. अनेक गिअरची सायकल ही दुबळ्यांची सोय आहे, असे मानण्याच्या काळात त्यांनी डोंगराळ भागातल्या भटकंतीसाठी तिची बाजू लावून धरली. ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीने मात्र गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला 1937 साली परवानगी दिली. नांदुरीचा घाट चढणारा प्रत्येक जण व्हिवींचे थोडे देणे लागतो.

पूर्वेच्या मार्गांचा स्वभाव अगदी वेगळा. निफाडमार्गे नांदूरमध्यमेश्वरपर्यंत चढ नावालाही नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे इथे पाणथळ तयार झाली आणि हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरू लागले. 2020 साली रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जातो, तेव्हा पहाटे निघणाऱ्याची बोटे ब्रेकवर बधिर होतात. हातमोजे विसरलेला माणूस इथे पहिल्या अर्ध्या तासातच पस्तावतो. याच पट्ट्यात पिंपळगाव बसवंत आणि लासलगाव या बाजारपेठा आहेत. हंगामात टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअप आणि कांद्याचे ट्रॅक्टर यांनी रस्ता व्यापलेला असतो. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीला बहुधा दिवा नसतो, म्हणून अंधारात या भागात सायकल चालवणे टाळलेले बरे. दक्षिणेला मोहदरी घाट चढून सिन्नर गाठता येते. तिथे यादवकालीन गोंदेश्वराचे मंदिर आहे. पुढे शिर्डीपर्यंतची वाट जवळजवळ सपाट.

कोणत्या दिवशी कोणती दिशा धरायची, हे वाऱ्यावर ठरते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. तेव्हा त्र्यंबककडे निघाले तर जाताना चढ आणि समोरचा वारा दोन्ही सोसावे लागतात, पण परतताना उतार आणि पाठीवरचा वारा मिळतो. पूर्वेला गेले तर उलटे होते: जाताना सायकल आपोआप धावते आणि परतताना, पाय थकलेले असताना, वारा तोंडावर येतो. सपाटीवरचा समोरचा वारा घाटाइतकाच दमवतो, शिवाय घाटाला माथा असतो, वाऱ्याला नसतो. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्व-ईशान्येचा आणि मंद असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ लांब पल्ल्यासाठी सर्वोत्तम. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत घरी यावे.

या भटकंतीला शिस्तीची चौकट मिळाली ती फ्रान्समधूनच. 1904 साली स्थापन झालेला ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियँ’ जगभरच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या सायकल-सफरींना मान्यता देतो आणि भारतात त्या ‘ऑडॅक्स इंडिया रॅन्दोनर्स’मार्फत होतात. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचे, पहिला-दुसरा क्रमांक नाही. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. एकाच मोसमात ही चारही अंतरे पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर रॅन्दोनर’ म्हणतात. वाटेतल्या नियंत्रण-चौक्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा. माणूस नसेल तिथे दुकानाची किंवा एटीएमची वेळ छापलेली पावती जपून ठेवायची. रात्री पुढे-मागे दिवे आणि परावर्तक जाकीट सक्तीचे. दोन चौक्यांच्या मध्ये मागे मदतीची गाडी ठेवता येत नाही, पंक्चर आपले आपणच काढायचे. हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा आहे. तो माणसाला स्वतःच्या सायकलीची ओळख करून देतो.

या सफरींचे शिखर म्हणजे दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस. 1891 साली शर्यत म्हणून तिचा आरंभ झाला. आज ती सुमारे 1200 किलोमीटरची आहे आणि बहुतेकांना त्यासाठी 90 तास मिळतात. वाटेत मोठा पर्वत एकही नाही, पण ब्रिटनीच्या टेकड्यांवरून सारखी चढउतार करत चढाची बेरीज सुमारे 12,000 मीटरपर्यंत जाते. रात्री-अपरात्री गावकरी घरासमोर टेबल मांडून सायकलस्वारांना कॉफी आणि खाऊ देतात. मोखाडा-जव्हारची वाट त्या चढउतारांच्या सरावाला उत्तम आहे.

नाशिकच्या सायकलस्वारांनी अमेरिकाही पार केली आहे. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ. दोनच वर्षांनी, 2017 मध्ये, तेव्हा नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ ही शर्यत एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यामागून काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले.

मोठ्या संख्येने लोक सायकलवर येतात ते मात्र वारीसाठी. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला पायी जाते. त्या परंपरेला जोडून नाशिकहून पंढरपूरची सायकल वारी 2012 पासून सुरू झाली. तिची सुरुवात करण्यात पोलीस अधिकारी हरीश बैजल यांचा पुढाकार होता आणि पुढे ‘नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशन’ने ती वाढवली. नगर आणि टेंभुर्णी असे मुक्काम करत तीनशेहून अधिक किलोमीटर पार केले जातात. एरवी घाटाच्या वाटेला न जाणारे साठीतले लोक आणि शाळकरी मुलेही या वारीत असतात.

रस्त्यांचे चित्र सध्या वेगाने बदलते आहे. समृद्धी महामार्गावर सायकलीला प्रवेश नाही. मुंबई-आग्रा महामार्ग रुंद आहे, पण अवजड वाहनांमुळे कसारा घाटात तरी तो टाळावा. 2026–27 च्या सिंहस्थासाठी त्र्यंबक रस्त्यावर कामे चालू आहेत. तोवर गंगापूर-गिरणारेकडचे रस्ते पहाटेच्या फेरीला अधिक बरे. द्राक्षमळ्यांमधले कालव्याकाठचे कच्चे रस्ते नकाशावर लहान दिसतात आणि रहदारी नसल्याने शांत असतात. पण त्यांवरून जायचे तर किमान 32 मिलिमीटर रुंदीचे टायर हवेत.