पात्याचा शब्द

नाशिक रोडकराला हेलिकॉप्टर आलेलं वर न बघताही कळतं. आधी खिडकीचं तावदान थरथरतं, मग फटफट जवळ येते आणि बोलणारा वाक्य अर्ध्यावर सोडतो. गांधीनगरच्या धावपट्टीवर 2003 पासून भूदलाच्या वैमानिकांची लढाऊ प्रशिक्षण शाळा आहे. कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या गणवेशावर पंखांचं चिन्ह लागलं ते इथेच, मे 2022 मध्ये; भूदलाच्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक.

मला मात्र त्या यंत्राच्या नावानं कितीतरी दिवस धरून ठेवलं आहे. आपण ते 'हेलि' आणि 'कॉप्टर' असं तोडतो. इंग्रजीनंही तसंच तोडलं. हेलिपॅड, क्वाडकॉप्टर त्याच तुकड्यांतून निघाले. खरा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये आहे. ग्युस्ताव्ह पाँताँ द'आमेकूर या फ्रेंच गृहस्थांनी 1861 मध्ये तो जुळवला. ग्रीक 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्री वळसा, 'प्टेरॉन' म्हणजे पंख. त्यांचं वाफेवरचं छोटं यंत्र काही उडालं नाही, शब्द मात्र राहिला. त्यांचे सहकारी गाब्रिएल द ला लांदेल यांनी 1863 मध्ये 'एव्हिएशन' घडवला, लॅटिन 'एविस' म्हणजे पक्षी, त्यावरून. संस्कृतातही पक्ष्याला 'वि' म्हणतात; दोन्ही एकाच मुळाचे.

'प्टेरॉन' तर आणखी जवळचा नातेवाईक. संस्कृत 'पत्' धातूत उडणंही आहे आणि पडणंही. त्यातून 'पत्र' आलं: पंख, पान आणि पुढे आपण पोस्टात टाकतो ते. या 'पत्रा'चंच मराठीत पात झालं, पातं झालं. गवताचं पातं, सुरीचं पातं, कांद्याची पात. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर फिरतं त्यालाही आपण पातंच म्हणतो. म्हणजे ग्रीकांचा 'प्टर' आणि आपलं पातं एकाच घरातले, आणि ही गोष्ट कुणी न सांगताच आपल्या जिभेनं दोघांना एकत्र आणलं.

अर्थानंही हे नाव चोख बसतं. विमानाचा पंख एका जागी जखडलेला, म्हणून हवा कापायला अख्ख्या विमानाला धावावं लागतं. हेलिकॉप्टरमध्ये नुसता पंख धावतो, म्हणून ते अधांतरी थांबू शकतं. इथल्या चेतक हेलिकॉप्टरचं मूळ फ्रेंच नाव 'आलुएत', म्हणजे चंडोल. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ते परवान्यावर बांधायला घेतलं आणि चंडोलाचा घोडा झाला. मला चंडोल जास्त आवडला असता.

परवा बाजारात कांद्याच्या पातीची जुडी घेत होतो. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. भाजीवाल्या मावशी मान वर करून म्हणाल्या, "त्याचं पातं थांबलं तर पडंल का हो ते?"

म्हटलं, इंजिन बंद पडलं तरी पातं थांबू देत नाहीत. यंत्र खाली येऊ लागलं की खालून वर येणारी हवाच पातं फिरवत ठेवते आणि त्या फिरण्याच्या जोरावर वैमानिक ते अलगद टेकवतो. प्रत्येक वैमानिकाला हे शिकावंच लागतं.

मावशी आवाज विरेपर्यंत तिकडेच बघत राहिल्या. जुडी त्यांच्या हातातच होती.