आर्वीच्या गाडीतला चार वाजताचा चहा

वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाणी लवकर संपण्याची धास्ती. भट्टीत कोळसा टाकायला माणूस उभा असतो, पण बॉयलरमधलं पाणी उतरलं तर गाडी थांबवण्यावाचून इलाज नाही. म्हणून जुन्या लाईनींवर ठरावीक अंतरावर पाण्याची टाकी असे, तिच्याशेजारी पाणी सोडणारी सोंड असे, आणि सोंडेखाली इंजिन नेमकं उभं करणं हे ड्रायव्हरचं कसब मानलं जाई. पाणी भरेपर्यंत उतारू खाली उतरत, पाय मोकळे करत, चहा घेत. माथेरानच्या घाटात एका स्टेशनाचं नावच 'वॉटर पाईप' आहे. तिथे वाफेची इंजिनं पाणी भरत. ती केव्हाच गेली, तरी लोक तिथे चहासाठी अजून उतरतात.

आगगाडी आणि दुपारचा चहा यांची जोडी अशी इंजिनाच्या गरजेतून जमली. ही गोष्ट सांगायला दार्जिलिंग-उटीपर्यंत जायची गरज नाही. वर्धा जिल्ह्यातच पुलगाव ते आर्वी अशी 35 किलोमीटरची अरुंद रुळांची लाईन होती.

ती 1917 साली सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. याच मापाची गाडी बार्शीला 1897 पासून धावत होती. बार्शी लाईट रेल्वेच्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने दाखवून दिलं होतं की अरुंद मापाची रेल्वे म्हणजे खेळणं नव्हे. डबे नीट बांधले आणि प्रत्येक आसावरचा भार सारखा वाटला तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाच्या प्रदेशाला हे गणित चपखल बसलं. आर्वी ही कापसाची मोठी बाजारपेठ. पुलगावला कापडगिरणी, आणि मुंबई-नागपूर मुख्य लाईनही तिथूनच जाते. ती नागपूरला 1867 साली पोचली. आर्वीच्या रुईच्या गाठी सोरटा, विरूळ, रोहण्याच्या शिवारांतून पुलगावला यायच्या आणि तिथे मोठ्या लाईनीच्या वाघिणींत चढायच्या. माणसांची सोय झाली ती कापसाच्या पाठोपाठ.

लाईन होती सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि कंपनीमागे मुंबईची किलिक निक्सन ही जुनी पेढी. गाड्या चालवायची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची 'शकुंतला' याच कंपनीची. स्वातंत्र्यानंतर बहुतेक रेल्वे देशाच्या मालकीची झाली तरी या लाईनी खासगी मालकीच्याच राहिल्या. शकुंतलेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बांधलेलं. 1923 पासून ते कामाला लागलं आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याची जागा डिझेलने घेतली. ज्या शहराच्या गिरण्यांसाठी इथला कापूस जहाजांत भरला जाई, त्याच शहरात हे इंजिन घडलं होतं. सत्तर वर्षं विदर्भाच्या उन्हात एक यंत्र रोज कामावर येतं, याबद्दल ते बांधणाऱ्यांइतकंच इथल्या फिटरांचं आणि फायरमनांचंही ऋण मानलं पाहिजे. नळ्यांत साचलेला क्षार खरवडणं, सांधे कसणं, पहाटे भट्टी पेटवून काही तासांनी वाफ धरणं, ही कामं पुस्तक वाचून येत नाहीत.

इंजिनावरची माणसंही चहा इंजिनावरच करत. भट्टीच्या दारावर एक फळी असते. तिच्यावर किटली ठेवली की चहा गरम राहतो. जगभरच्या वाफेच्या इंजिनांवर ही रीत होती. गाडीतला पहिला चहा, तोही सर्वांत कडक, फायरमनचा असे.

आज वाटतं की चहा आपल्याकडे पूर्वापार आहे. तसं नाही. सर्वसामान्य घरांत तो रेल्वेनेही आणला. 1903 साली कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंगाल, पंजाब आणि उत्तरेकडच्या जंक्शनांवर छोट्या ठेकेदारांना किटल्या, कप आणि चहाच्या पुड्या देऊन फलाटांवर उभं केलं गेलं. पुढे चहा कसा करावा हे सांगणाऱ्या एनॅमलच्या पाट्या स्टेशनांवर लागल्या. त्याच फलाटांवर 'हिंदू चहा' आणि 'मुस्लिम चहा' वेगळा विकला जाई, हेही विसरू नये. वरच्या वर्गाला रिफ्रेशमेंट रूममध्ये चिनी मातीचा कप होता. तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला जे येई ते गिळायचं.

आणि इथे वर्ध्याशी फार जवळचं नातं असलेल्या माणसाची साक्ष आहे. आर्वीची लाईन सुरू झाली त्याच 1917 सालच्या सप्टेंबरात गांधीजींनी रांचीहून तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लेख लिहिला. मुंबईहून मद्रासला जाताना मिळालेल्या चहाचं वर्णन त्यात आहे: कषाय पाणी, घाण साखर आणि दूध म्हणून घातलेलं पांढुरकं काहीतरी, ज्यामुळे ते पाणी गढूळ दिसत होतं. गांधीजी मुळातच चहाच्या विरोधात होते, हे खरं. पण या लेखातली तक्रार वेगळी आहे. गरीब उतारूकडून पैसे घेऊन त्याला घाण पाजली जाते, ही ती तक्रार. पुढे 1936 साली ते वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. वर्ध्यात आगगाडीतल्या चहाचा विचार करायचा तर ही कसोटी टाळता येणार नाही.

टेबलावर कापड, बशीत कप आणि खिडकीबाहेर पळणारं रान, असा चहा महाराष्ट्राला ठाऊक आहे तो डेक्कन क्वीनमुळे. 1 जून 1930 ला ती सुरू झाली. तेव्हापासून तिचा डायनिंग कारचा डबा हा पुणे-मुंबईच्या जाण्यायेण्याचा एक भाग होऊन गेला आहे. 2022 साली नवे डबे आले तेव्हाही तो ठेवला. पण डेक्कन क्वीन पहिल्यापासून विजेवर धावते. वाफेवरच्या गाडीत निवांत चहा घ्यायचा तर आज बहुतेक परदेशच गाठावा लागतो.

त्यातलं एक उदाहरण आपल्याला फार उपयोगाचं आहे. वेल्समध्ये वेल्शपूल आणि लानव्हेअर या गावांमधली रेल्वे 1903 साली सुरू झाली. माप तेच, अडीच फूट. शेतीमाल आणि गुरं नेणारी, आर्वीच्या लाईनीहूनही लहान. 1931 ला उतारू गाड्या बंद, 1956 ला सगळंच बंद. मग गावोगावचे हौशी लोक एकत्र आले. शिक्षक, कारकून, निवृत्त रेल्वेवाले सुटीच्या दिवशी रूळ साफ करू लागले आणि 1963 ला गाडी परत सुरू झाली. आज वाफेची इंजिनं पाहायला आणि त्या डब्यांत बसायला लोक तिथे लांबून येतात. ब्रिटनमधल्या अशा कितीतरी लाईनींवर दुपारच्या चहाची खास गाडी असते. तिच्या तिकिटांतून बॉयलरच्या दुरुस्तीचा खर्च निघायला हातभार लागतो. चहा तिथे चैन नाही, इंजिन जिवंत ठेवण्याचा मार्ग आहे.

आर्वीची छोटी गाडी बंद पडली. तिथे ब्रॉडगेज व्हावी ही मागणी जुनी आणि रास्त आहे. आर्वीच्या विद्यार्थ्याला, शेतकऱ्याला, रुग्णाला वेगवान गाडी हवी, त्यांच्यापुढे आठवणींचा आग्रह धरू नये. पण ब्रॉडगेज आली तरी पुलगावच्या बाजूला चार-पाच किलोमीटर अरुंद रूळ राखता येतील. एक इंजिन, तीन डबे, एक पाण्याची टाकी. हे अशक्य नाही. नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये जुनी वाफेची इंजिनं चालती ठेवली आहेत. आणि कोळशाची तर वर्ध्याला जुनी ओळख: वर्ध्याहून हिंगणघाटवरून वरोऱ्याला गेलेली लाईन 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' म्हणूनच बांधली गेली.

चहाबरोबर काय द्यायचं याचा शोधही घ्यावा लागणार नाही. वर्ध्याचा गोरस पाक आहे. गायीच्या तुपातला, खुसखुशीत, चहात बुडवला तरी चव धरून राहणारा. दूध गायीचं, कप धुतलेला, भाव सगळ्यांना सारखा, डब्यात वर्ग एकच. 1917 च्या त्या तक्रारीला वर्ध्याने दिलेलं ते उत्तर ठरेल.

इंजिन एक वेळ दुसरीकडून आणता येईल, पण ज्यांनी ते चालवलं त्यांचं ज्ञान परत आणता येणार नाही. या लाईनीवर काम केलेले ड्रायव्हर, फायरमन, गँगमन, फलाटावर चहा विकणारे आता थकले आहेत. पुलगाव, विरूळ, रोहणा, आर्वी इथल्या वाचकांना विनंती आहे: घरात जुनं तिकीट, वेळापत्रक, कंदील, फोटो असेल तर जपा, आणि वडीलधाऱ्यांपाशी बसून त्यांच्या गाडीची हकिकत या उन्हाळ्यातच लिहून काढा.