ओढायच्या घराकडून चालत्या घराकडे : एका दशकाचा मागोवा

अमेरिकेच्या यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात १९३० साली खुला झालेला, सुमारे १.१ मैल लांबीचा बोगदा मोठ्या वाहनांसाठी खोदलेला नव्हता. त्यामुळे तशी वाहने आली की समोरची वाहतूक रोखून धरायची आणि त्यांना मधोमध चालू देऊन पलीकडे सोडायचे, अशी व्यवस्था १९८९ पासून रूढ होती. जून २०२६ पासून ही सोय बंद करून ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद वाहनांना त्या मार्गावरून वगळण्याचा निर्णय उद्यान प्रशासनाने जाहीर केला. याची सर्वाधिक झळ ज्यांना बसली त्यांत छोटा ट्रेलर विकून मोटरहोम घेतलेल्या आणि त्यातच बाराही महिने राहणाऱ्या लोकांचा मोठा भरणा आहे. त्यांनी विकलेला तेरा फुटी ट्रेलर मात्र छोट्या गाडीमागे त्याच बोगद्यातून आजही विनासायास जाऊ शकतो.

‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारीच्या पाठीमागील ‘हिच’ नावाच्या जोडणीला अडकवून ओढायचे घर. ‘मोटरहोम’ म्हणजे इंजिन, चालकाचे आसन आणि घर एकाच सांगाड्यावर असलेले वाहन. आणि पक्के घर सोडून वर्षभर यांपैकी एखाद्यात राहणारा तो ‘फुलटायमर’. या वाहनांच्या इतिहासातील सुरुवातीचे टप्पे, म्हणजे १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे स्थापन झालेली ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही भटक्यांची संघटना, वॉली बायम यांचा १९३६ चा ॲल्युमिनियमचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’, आयोवातील फॉरेस्ट सिटी येथे विनेबेगो कंपनीने १९६६ साली सुरू केलेली मोटरहोमची निर्मिती आणि १९७३ च्या तेलटंचाईने या धंद्याला बसलेला तडाखा, हे सर्व इतक्या वेळा लिहून झाले आहे की येथे नोंद पुरे. त्यानंतरच्या तीन दशकांत वाहने लांब झाली, भिंती बटण दाबून बाहेर सरकू लागल्या आणि विक्रेत्यांचे भले झाले. १९७८ साली फुलटायमरांसाठी स्थापन झालेला आणि पुढे टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथून सभासदांची टपाले त्यांच्यामागोमाग धाडणारा ‘एस्केपीज’ क्लब सोडल्यास त्या काळात थांबून पाहावे असे फारसे काही नाही.

खरा बदल २००८ ते २०१७ या दशकात झाला, आणि त्याची सुरुवात कोणाच्या हौसेतून नव्हे तर मंदीतून झाली. २००७ साली अमेरिकेत सर्व प्रकारची मिळून सुमारे ३ लाख ५३ हजार फिरती घरे कारखान्यांतून बाहेर पडली होती. २००९ साली हा आकडा १ लाख ६६ हजारांपर्यंत घसरला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फ्लीटवूड आणि मोनॅको या दोन मोठ्या उत्पादकांनी दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि जुन्या मोटरहोमचे भाव कोसळले. याउलट फायबरग्लासच्या छोट्या ट्रेलरचा भाव फारसा उतरत नव्हता, कारण त्याचे कवच होडीप्रमाणे साच्यात घडवलेल्या दोन अर्ध्या भागांचे असते, सांधे मोजके असतात आणि त्यामुळे तो सहसा गळत नाही. मिनेसोटातील बॅकस येथे तयार होणारा ‘स्कॅम्प’ हा त्याचा सर्वपरिचित नमुना होय. चांगली वस्तू चढ्या भावात विकून मोठी वस्तू पडेल भावात घेण्याची अशी संधी पूर्वी क्वचितच आली होती, आणि ज्यांनी ती साधली त्यांना त्या वेळी तरी कोणी दोष देऊ शकले नसते.

परंतु केवळ भावाने माणूस घर बदलत नाही. तेरा फुटी ट्रेलरमध्ये जेवणाचे टेबल हाच पलंग असतो, म्हणजे रोज रात्री टेबलाचा पाय काढून फळी खाली उतरवायची, बैठकीच्या पाठीच्या गाद्या त्यावर रचायच्या आणि सकाळी हाच खटाटोप उलट करायचा. वर्षभर राहणारे बहुतेक जण काही आठवड्यांतच पलंग कायमचा मांडून ठेवत आणि पुढे मांडीवर ताट घेऊन जेवत. मुक्कामाला पोहोचल्यावर चाकांमागे ठोकळे लावणे, पुढचा जॅक फिरवून वजन हिचवरून उचलणे, दोन्ही साखळ्या आणि दिव्यांची तार सोडवणे, गाडी पुढे घेणे, मग ट्रेलर समपातळीत आणून चारही कोपऱ्यांचे टेकू खाली सोडणे हे सर्व कोरड्या दिवशी ठीक असते. रात्री, पावसात आणि चिखलात ते रोज करावे लागले की उत्साह मावळतो. मोटरहोममध्ये गाडी थांबवून आसनावरून उठले की माणूस थेट स्वयंपाकघरात असतो. एकट्या प्रवाशांना, विशेषतः साठी ओलांडलेल्या स्त्रियांना, या एका सोयीचे मोल फार होते, कारण रात्री कोणी दार ठोठावले तर बाहेर पाऊल न टाकता निघून जाता येते.

तरीही निर्णायक कारण नियमांत होते, आणि त्याकडे या विषयावरील लेखनात फारसे लक्ष दिले गेलेले नाही. संघराज्याच्या भूव्यवस्थापन खात्याच्या मोकळ्या जमिनीवर फुकट राहता येते, पण बहुतेक ठिकाणी चौदा दिवसच. मग तळ हलवावा लागतो. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळ याच खात्याने हिवाळी मुक्कामासाठी राखलेल्या पट्ट्यात १८० डॉलरमध्ये सात महिने काढता येत, परंतु तेथे वाहनाला सांडपाण्याची किमान दहा गॅलनची कायम बसवलेली टाकी हवी, आणि संडासबाथरूम नसलेल्या छोट्या ट्रेलरांकडे ती बहुधा नसे. याच काळात राष्ट्रीय उद्यानांतील मुक्कामाच्या जागांची सहा महिने आधी संगणकावर नोंदणी करण्याची सवय इतकी पक्की झाली की संध्याकाळी पोहोचून रिकामी जागा पाहणे हा प्रकार लोकप्रिय उद्यानांत जवळजवळ संपला. जो उद्या कोठे असेल हे आज ठरवू इच्छित नाही, त्याचे या व्यवस्थेत काही चालत नव्हते, आणि मग दुकानांची वाहनतळे, महामार्गालगतचे थांबे, शहरातील कडेच्या गल्ल्या हेच त्याचे मुक्काम उरले. तेथे ट्रेलर सोडवून ठेवण्याची सोयही नसते आणि परवानगीही. ट्रेलर ही वस्तू मुळात मुक्कामाची जागा आहे असे गृहीत धरून बनलेली असते, तर मोटरहोम हे पहाटे उठवले जाण्याची शक्यता गृहीत धरणाऱ्यांचे वाहन ठरले. विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकांनी या स्थलांतराला सुखसोयींची बढती म्हटले. ते अर्धसत्यही नव्हते.

या बदलाची किंमत नंतर कळत गेली. इंजिन दुरुस्तीला गेले की घरच दुरुस्तीला जाते, आणि फुलटायमराला आपल्याच अंथरुणापासून दूर, लॉजमध्ये रात्री काढाव्या लागतात. चालकाच्या डोक्यावर झोपण्याचा माळा असलेल्या, ‘क्लास सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात त्या माळ्याच्या सांध्यांतून पाणी झिरपते आणि आतील लाकूड कुजल्यावरच ते लक्षात येते. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवर कोरलेला निर्मितीचा आठवडा आणि वर्ष पाहून तो वयानुसार बदलावा लागतो. पेट्रोलवरच्या गाड्यांत विजेचा जनरेटर बहुधा मुख्य टाकीतूनच पेट्रोल घेतो आणि टाकी पावभर उरली की आपोआप बंद पडतो, जेणेकरून माणूस रानात अडकू नये. (संपूर्ण वाहनात मालकाच्या हिताचा विचार केलेली ही बहुधा एकमेव जागा असावी.) त्यात पुन्हा दूध-भाजी आणायला तीस फुटी घर बाजारात नेणे परवडत नाही, म्हणून मागे एक छोटी मोटार चारही चाकांवर ओढत नेण्याची पद्धत पडली आणि तिला ‘टोड’ असे नाव मिळाले. होंडाची ‘सीआर-व्ही’ या कामासाठी लोकप्रिय होती, पण २०१५ च्या मॉडेलपासून गिअरची रचना बदलल्याने तीही अशी ओढता येईना. गंमत अशी, की ट्रेलर मागे घेणे जमत नाही म्हणून मोटरहोम घेतलेल्या माणसाला टोड जोडल्यावर गाडी मागे घेताच येत नाही. आधी टोड सोडवावी लागते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांचा या जीवनाशी संबंध प्रामुख्याने सुट्टीत भाड्याच्या मोटरहोमपुरता राहिला, त्याचे कारणही नियमच आहे. तेथे नोकरीसाठी मिळणारा एच-१बी व्हिसा कामाच्या ठिकाणाशी बांधलेला असतो, आणि २०१५ मधील एका प्रशासकीय निर्णयानंतर ते ठिकाण ठरलेल्या महानगर क्षेत्राबाहेर हलले तर दुरुस्त अर्ज करणे मालकाला बंधनकारक झाले. ज्याचा पत्ताच त्याच्या वास्तव्याचा आधार, त्याला चाकांवरचे घर परवडणारे नव्हते.

२०१७ हे या दशकाचे शेवटचे आणि सर्वांत कडू वर्ष. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बासष्टी गाठलेल्यांना राष्ट्रीय उद्यानांत आजन्म प्रवेश देणारा पास दहा डॉलरवरून थेट ऐंशी डॉलरवर नेण्यात आला, आणि त्याच वर्षी जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने जुन्या व्हॅनमध्ये राहून गोदामांत हंगामी मजुरी करणारी वृद्ध माणसे सर्वांना दाखवली. पुढे महासाथ आली, २०२१ साली ६ लाखांहून अधिक फिरती घरे कारखान्यांतून बाहेर पडली, आणि मुक्कामाच्या जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. ट्रेलरमध्ये आत जागा नसल्याने माणसे दाराबाहेर खुर्च्या टाकून बसत, शेजारच्याशी बोलत, भांडी उसनी मागत. मोटरहोमच्या आत सर्व काही असल्याने पडदे संध्याकाळीच ओढले जाऊ लागले. ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ती येथे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

मोंटानातील ग्लेशियर उद्यानातल्या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावर एकवीस फुटांहून लांब वाहनाला मज्जाव आहे, आणि अशी बंधने कमी होण्याचे कोणतेही चिन्ह नाही. म्हणून छोटा ट्रेलर विकण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी महिनाभर, तोही हिवाळ्यात, भाड्याच्या मोटरहोममध्ये राहून पाहावे, आपल्या मोटारीच्या माहितीपुस्तकात ती चारही चाकांवर ओढता येते काय हे तपासावे, आणि तोपर्यंत ट्रेलरचा सौदा करू नये.