आयातशुल्काचा धाक आणि सरहद्दीचा प्रश्न

पुणे शहरातील बिबवेवाडीला लागूनच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. तेथील भुसार बाजारात विकली जाणारी खारीक २०१९ पर्यंत मुख्यतः पाकिस्तानच्या सिंध प्रांतातून येत असे. डिंकाचे लाडू असोत वा बाळंतिणीचा खुराक, घरोघरी लागणारा हा जिन्नस. फेब्रुवारी २०१९ नंतर तो एकाएकी महागला. कारण पिकात नव्हते, सरहद्दीवर होते.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथील हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी भारताने पाकिस्तानला १९९६ पासून दिलेला ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ हा दर्जा काढून घेतला आणि १६ तारखेला तेथून येणाऱ्या सर्व मालावर २०० टक्के आयातशुल्क लागू केले. सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या कलम ८अ अन्वये तातडीच्या प्रसंगी असे शुल्क वाढविण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. आयातशुल्क परदेश भरीत नाही. ते आपल्याकडील आयातदार भरतो. शंभर रुपयांच्या मालावर दोनशे रुपये शुल्क पडले की तो माल तीनशेचा होतो. खरेदी थांबते आणि विक्रेत्या देशाचे गिऱ्हाईक तुटते. दबाव पडतो तो असा, वळसा घेऊन. अटारी येथे तर त्या सायंकाळी विचित्र पेच उद्भवला. आयातदारांनी कागदपत्रे दिवसा सादर केली होती, अधिसूचना मात्र संगणकावर प्रसिद्ध झाली रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी. त्यापूर्वी दाखल झालेल्या कागदपत्रांना वाढीव दर लागू होणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२० रोजी दिला. अधिसूचना काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने ध्यानी ठेवावा असा हा निर्णय आहे.

आता प्रश्न असा की, अशा शुल्काने शेजारी नमतो काय? उत्तर त्याच्या विक्रीच्या हिशेबात आहे. २०१७-१८ मध्ये पाकिस्तानातून भारतात आलेला माल सुमारे ४९ कोटी डॉलरचा होता. त्या देशाच्या एकूण निर्यातीच्या तो जेमतेम दोन टक्के भरतो. शिवाय त्यावेळी वाटाघाटी चालू नव्हत्या, आणि शुल्काला मुदत वा अट जोडलेली नव्हती. ती शिक्षा होती, सौदा नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्ताननेच भारताशी व्यापार स्थगित केला.

याउलट मेक्सिकोचे. त्याच्या निर्यातीपैकी सुमारे चार पंचमांश माल अमेरिकेत जातो. स्थलांतरितांचे लोंढे रोखा, अन्यथा १० जून २०१९ पासून ५ टक्के शुल्क लावू आणि ते ऑक्टोबरपर्यंत २५ टक्क्यांवर नेऊ, असे अमेरिकेने ३० मे रोजी जाहीर केले. ७ जून रोजी करार झाला. मेक्सिकोने आपले राष्ट्रीय रक्षक दल सरहद्दीवर, विशेषतः ग्वाटेमालाच्या बाजूस, पाठविण्याचे मान्य केले आणि शुल्क लागलेच नाही. धाक होता तोवर त्याला मोल होते. तोच प्रयोग २०२५ मध्ये झाला. फेब्रुवारीत मेक्सिकोने दहा हजार रक्षक उत्तर सरहद्दीवर पाठविण्याचे कबूल करून एक महिन्याची सवलत मिळविली. तथापि ४ मार्चला शुल्क लागलेच, आणि दोनच दिवसांत त्यातील बराच माल वगळावा लागला. दिलेला शब्द पाळूनही शुल्क टळत नसेल, तर पुढच्या खेपेस शेजाऱ्याने शब्द तरी कशासाठी द्यावा?

इकडे खारकेने वेगळीच वाट धरली. पहलगाम येथील २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर २ मे रोजी भारताने पाकिस्तानी मालाच्या आयातीवर, मग तो थेट येवो वा अन्य देशामार्गे, संपूर्ण बंदी घातली. तरीही जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावाशेवा बंदरात पाकिस्तानी मालाचे ३९ कंटेनर पकडले. दुबईमार्गे आलेल्या या १,११५ टन मालाची किंमत सुमारे ९ कोटी रुपये होती. त्यात खारीक होती, आणि कागदोपत्री ती संयुक्त अरब अमिरातीची होती.