बालकांतील बीजपेशींच्या गांठी

दीड वर्षाच्या मुलीला शौचास कुंथावें लागतें, मधूनच लघवीही अडते. घरांत एरंडेल दिलें जातें, दूध बदलून पाहिलें जातें, आणि दोन महिने निघून जातात. यांत आईबापांचा दोष तो काय? त्या वयांतला मलावरोध बहुधा साधाच असतो. परंतु क्वचित् एखाद्या बालकाच्या माकडहाडापुढें, ओटीपोटांत खोल, गांठ वाढत असते व तीच मलाशय आणि मूत्राशय यांना दाबून धरते. बाहेरून मात्र कांहींएक दिसत नाहीं.

गर्भ कांहीं आठवड्यांचाच असतो तेव्हां, पुढें ज्यांपासून स्त्रीबीज अथवा शुक्रबीज व्हावयाचें त्या बीजपेशी पीतककोशाच्या भिंतींतून निघून आपल्या नियोजित जागीं जातात. कांहीं वाटेंतच राहतात. माकडहाडापाशीं, छातींत, क्वचित् मेंदूंतही अशा गांठी सांपडतात त्याचें कारण हेंच मानलें जातें. माकडहाडाजवळची गांठ सुमारें ३५ ते ४० हजार जन्मांत एक, मुलींत अधिक. जन्मतःच बाहेर दिसणारी बहुधा निरुपद्रवी असते. आंत दडून उशिरां कळणारी घातक असण्याचा संभव अधिक.

निदानाचा आरंभ डॉक्टरच्या बोटापासून होतो. गुदद्वारांतून तपासणें ओंगळ वाटतें खरें. पण पोट चांचपून न लागणारी गांठ तेथें लागते. मग ध्वनिलहरींनीं व चुंबकीय यंत्रानें तिचें चित्र घेतात.

पुढची साक्ष रक्ताची. १९६३ सालीं मॉस्को येथें आबेलेव्ह व त्यांचे सहकारी यांना यकृताची गांठ असलेल्या उंदरांच्या रक्तांत, एरवीं गर्भाच्या रक्तांत असणारें एक प्रथिन आढळलें. तें आल्फा-फीटोप्रोटीन. पीतककोशाच्या जातीच्या गांठीही तें विपुल निर्माण करतात. मात्र येथेंच फसगत संभवते. प्रौढाच्या रक्तांत तें दर मिलिलिटरला सुमारें १० नॅनोग्रॅमहून कमी असतें. निरोगी नवजात बालकाच्या रक्तांत हजारोंनीं असतें, आणि उतरावयास कित्येक महिने लागतात. म्हणून दोन महिन्यांच्या बालकाचा ३०० हा आंकडा अगदीं निर्धोक असूं शकतो. दीड वर्षाच्या मुलीचा तोच आंकडा गंभीर. प्रयोगशाळेच्या कागदावरील मर्यादा पुष्कळदां प्रौढांची असते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. शिवाय कांहीं बीजपेशी-गांठी हें प्रथिन मुळींच करीत नाहींत, आणि यकृताची गांठ तें करते. तेव्हां चित्र व रक्त एकत्र वाचावयाचें. शंका उरल्यास गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा.

गांठ समूळ निघाली असेल तर हें प्रमाण दर पांच-सहा दिवसांनीं सुमारें निम्में होत जातें. तसें न झाल्यास आंत कांहीं शिल्लक असल्याचा संशय घेऊन सिस्प्लॅटिनसारखीं औषधें सुरू करतात. त्यांच्यामुळें, रोग पसरलेला असतांही, बहुतेक बालकें आज बरीं होतात.