ब्रेक विसरला की मुद्दाम सोडला? फॉलथ्रू वॉर्निंगबद्दल थोडंसं

सी भाषेतल्या स्विचमध्ये जुळणारा केस सापडला की कोड तिथून सुरू होतो आणि ब्रेक येईपर्यंत चालतच राहतो. पुढच्या केसचं लेबल त्याला अडवत नाही. यालाच फॉलथ्रू म्हणतात.

समजा, तुम्ही देवरी तालुक्याच्या उपग्रह नकाशातले पिक्सेल मोजताय. केस १ म्हणजे धान, केस २ म्हणजे जंगल. केस १ मध्ये ब्रेक राहिला, तर धानाचा प्रत्येक पिक्सेल जंगलातही मोजला जाईल. प्रोग्राम क्रॅश होणार नाही. देवरीत जंगल भरपूर, त्यामुळे फुगलेला आकडाही खराच वाटेल आणि थेट प्रबंधात जाईल.

जीसीसीच्या सातव्या आवृत्तीत (२०१७) यासाठी वॉर्निंग आली. पण नुसतं ‘वॉल’ देऊन ती दिसत नाही, ‘एक्स्ट्रा’ द्यावं लागतं.

वॉर्निंग दिसली की ती बंद करू नका, आणि डोळे झाकून ब्रेकही टाकू नका. आधी ठरवा: हे मुद्दाम आहे का?

– नसेल, तर ब्रेक लिहा.
– असेल, तर फॉलथ्रू अ‍ॅट्रिब्यूट लिहा; सी२३ मध्ये ते प्रमाणित आहे. नुसती कॉमेंट जीसीसीला सहसा चालते, क्लँगला नाही.
– दोन लेबलं लागोपाठ असतील आणि मध्ये कोड नसेल, तर वॉर्निंग येतच नाही.

लिनक्स कर्नलने २०१९ मध्ये ही वॉर्निंग सरसकट चालू केली. त्यासाठी एकेक जागा तपासताना काही ब्रेक खरोखरच विसरलेले निघाले.

शेवटी एक सोपी चाचणी: सगळ्या वर्गांची बेरीज एकूण पिक्सेलपेक्षा जास्त येतेय? मग आधी स्विच बघा.