सागरी शोभिवंत माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

खाऱ्या पाण्याच्या काचटाकीतील माशांच्या अंगावर व परांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसू लागले, मासे दगडांवर अंग घासू लागले व श्वास जलद झाला, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन या एकपेशीय परोपजीवीचा उपद्रव झाला असावा. कातडीची वा कल्ल्यांची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. सावकाश गरगर फिरणारे गोल जीव दिसल्यास निदान पक्के होते.

चार-पाच दिवसांत ठिपके आपोआप नाहीसे होतात. तेवढ्यावरून मासा बरा झाला असे समजून उपचार थांबवू नयेत. या वेळी परोपजीवी तळाशी जाऊन कवच धारण करतो व आत वाढलेली त्याची शेकडो पिले पुढे पुन्हा माशांवर चढतात. कातडीखाली अथवा कवचात औषध पोचत नाही. ते फक्त पोहणाऱ्या पिलांनाच लागू पडते.

म्हणून सर्व मासे वाळू व दगड नसलेल्या निराळ्या टाकीत हलवावेत. तेथे मोरचूद देऊन विरघळलेल्या तांब्याचे प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असे ३ ते ४ आठवडे अखंड राखावे व रोज मोजावे. प्रमाण घटल्यास गुण येत नाही, वाढल्यास मासे दगावतात. प्रवाळ, कोळंबी व शंखवर्गीय प्राणी तांब्याने मरतात; सबब मूळ टाकीत ते घालू नये. ती टाकी सुमारे ११ आठवडे माशांवाचून ठेवावी. यजमान न मिळाल्याने पिले नष्ट होतात.

नवीन आणलेले मासे निदान ४ आठवडे वेगळे ठेवणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.